भिंतीतली ब्लेडं आणि किंग जिलेट

गेल्या वर्षी आमच्या घरातली जुनी बाथरूम दुरुस्तीला काढली. घर लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतलं, १९५०च्या दशकात बांधलेलं. कारागिराने बेसिनवरचं आरशाचं कपाट उचकटलं, मागची भिंत फोडली आणि आतून खळ्ळकन गंजकी ब्लेडं खाली आली. एक-दोन नव्हे, एखादा डबा भरेल एवढी! मी दचकून मागे सरलो. कारागीर मात्र हसला, कारण त्याला हे नवीन नव्हतं. त्या काळच्या अमेरिकन घरांत दाढीच्या कपाटाला मागे एक बारीक फट ठेवलेली असायची. वापरलेलं ब्लेड त्या फटीतून आत सोडायचं आणि ते भिंतीच्या पोकळीत पडायचं. पोकळी भरली तर काय, याचा विचार कुणी केलेला नव्हता. टाकलं म्हणजे संपलं.

माझ्या मनात पहिल्यांदा वडिलांचा विचार आला. साताऱ्याच्या घरी ते ब्लेड कधी टाकायचेच नाहीत. धार गेल्यासारखी वाटली की काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला ते ब्लेड बोटाने दाबून घासायचे आणि आणखी चार दाढ्या काढायचे. त्यानंतर ते ब्लेड आईच्या शिवणाच्या डब्यात जायचं, टाके उसवायला. अर्धं मोडून आमच्या कंपासपेटीत यायचं, पेन्सिलीला टोक करायला. अमेरिकेत तीच वस्तू भिंतीत गाडली जात होती.

ही वस्तू ज्याने जगाला दिली, त्याचं घर माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बहुतेक मराठी मंडळींना कॅलाबासासचं वेंकटेश्वर मंदिर ठाऊक आहे. आपण त्याला मालिबूचं देऊळ म्हणतो. लास व्हर्जेनेस रस्त्याने देवळावरून पुढे गेलं की मलहॉलंड हायवेचा चौक लागतो. तिथे डावीकडे वळलं की किंग जिलेट रँच अशी पाटी दिसते. वर्षानुवर्षं प्रसाद घेऊन त्या पाटीपासून परत फिरलो, पण हा जिलेट म्हणजे दाढीचाच जिलेट, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तोवर माझ्या कपाटाच्या फळीवर सात-आठ महागडे रेझर जमले होते. कुठला किती अलगद फिरतो, कुठला एका फेरीत किती सफाई करतो, यावर मी मित्रांशी तावातावाने बोलत होतो. बायकोने त्या फळीचं नाव म्युझियम ठेवलं होतं. भिंत फुटली तेव्हा मात्र वाटलं, रेझर पुष्कळ पाहिले, आता माणूस बघावा.

किंग कॅम्प जिलेटचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजी विस्कॉन्सिन राज्यातल्या फॉन्ड ड्यु लॅक या गावात झाला. किंग ही काही पदवी नाही, त्याचं नावच ते. कुटुंब पुढे शिकागोला आलं. वडील खटपटे, नवंनवं काही बनवून बघण्याचा नाद असलेले, आणि त्यांचा हार्डवेअरचा धंदा होता. आई फॅनी तर त्याहून कर्तबगार. तिने तयार केलेलं ‘द व्हाइट हाउस कुक बुक’ १८८७ मध्ये निघालं आणि पुढे कित्येक वर्षं अमेरिकेतल्या घराघरांत राहिलं. म्हणजे मुलगा नावारूपाला येण्याच्या आधीच आईचं पुस्तक लोकांच्या स्वयंपाकघरात पोचलेलं होतं.

१८७१च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोला ती प्रसिद्ध मोठी आग लागली. शहराचा मोठा भाग जळाला, त्यात जिलेटांचा धंदाही गेला. किंग तेव्हा सोळा वर्षांचा होता. कुटुंब न्यूयॉर्कला गेलं आणि हा नोकरीला लागला. आधी हार्डवेअरच्या दुकानात, मग फिरता विक्रेता. गावोगाव, रेल्वेने, हातात नमुन्यांची पेटी. दिवसा माल विकायचा आणि रात्री हॉटेलच्या खोलीत काहीतरी शोधून काढायची खटपट करायची. काही छोटी पेटंटं त्याच्या नावावर लागली, पण पैसा झाला तो दुसऱ्यांचा. स्वतःच्या शोधामागे धावायला फिरत्या विक्रेत्याला ना वेळ असतो ना भांडवल. चाळिशी आली तरी गडी नोकरीतच होता. १८९० मध्ये त्याचं अटलांटा गेन्स हिच्याशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला.

याच सुमाराला तो बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीत विक्रेता झाला. तिचा कर्ताधर्ता होता बाल्टिमोरचा विल्यम पेंटर. सोड्याच्या बाटलीचं ते दातेरी कडांचं, आत बुचाची चकती असलेलं पत्र्याचं झाकण याचंच. त्याचं पेटंट १८९२चं. आपण लहानपणी गोळा करायचो तीच ही झाकणं. एकदा उघडलं की झाकण वाया गेलं, दुसऱ्या बाटलीला दुसरं हवं. पेंटरला हा विक्रेता आवडायचा. त्याने जिलेटला सुचवलं की लोक एकदा वापरून टाकतील आणि पुन्हा घ्यायला येतील अशी एखादी वस्तू शोध. जिलेटच्या डोक्यात हे असं बसलं की तो रोज वापराच्या प्रत्येक वस्तूकडे त्याच नजरेने बघायला लागला.

आता गंमत बघा. वापरा आणि टाका या धंद्याच्या शोधात असलेल्या याच माणसाने १८९४ मध्ये ‘द ह्युमन ड्रिफ्ट’ नावाचं पुस्तक काढलं, आणि त्यात तो पक्का समाजवादी आहे. त्याचं म्हणणं असं की, जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ म्हणजे स्पर्धा. शंभर कारखाने एकच वस्तू बनवतात, शंभर विक्रेते ती विकायला एकाच गावात उतरतात, यात माणसांची मेहनत नुसती वाया जाते. हे त्याने पुस्तकात वाचलेलं नव्हतं. तो स्वतः त्या शंभरांतला एक होता. उपाय म्हणून त्याने मांडलं की सगळं उत्पादन लोकांच्या मालकीच्या एकाच मोठ्या कंपनीकडे असावं आणि अमेरिकेतल्या बहुतेक लोकांनी नायगारा धबधब्याजवळच्या एकाच प्रचंड शहरात राहावं. शहराचं नाव मेट्रोपोलिस. धबधब्याच्या पाण्यावर वीज, उंच काचेच्या घुमटांच्या इमारती, सगळ्यांना सारख्या सोयी. पुस्तक फारसं चाललं नाही, पण ही कल्पना त्याने मरेपर्यंत सोडली नाही.

पुस्तक निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९५च्या उन्हाळ्यात, बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये राहत असताना ती सकाळ उगवली. त्या काळी दाढी म्हणजे काय होतं, ते आपल्याकडच्या मागच्या पिढीला सांगायला नको. घडीचा वस्तरा. त्याला रोज चामड्याच्या पट्ट्यावर परजायचं आणि अधूनमधून दगडावर धार लावून घ्यायची. आपल्याकडे ते न्हाव्याच्या धोकटीतलं काम होतं आणि बहुतेक घरांत दाढी करायला न्हावीच यायचा. अमेरिकेत १८८० पासून कांफे बंधूंचा सेफ्टी रेझर मिळत होता, पण त्यातही जाड पोलादाचं पातं होतं आणि त्यालाही धार लावावीच लागायची. म्हणजे सेफ्टी रेझरचा शोध जिलेटने लावला असं जे म्हणतात, ते बरोबर नाही.

त्याने पुढे लिहिलेल्या आठवणीप्रमाणे त्या सकाळी त्याच्या पात्याची धार इतकी गेली होती की पट्ट्यावर परजून भागणार नव्हतं. ते धार लावणाऱ्याकडे पाठवावं लागणार होतं. पातं हातात धरून तो बघत राहिला. दाढी काढते ती नुसती कड. बाकीचं सगळं जाडजूड पोलाद ती कड धरून ठेवण्यासाठी. मग कडेपुरतीच पातळ पट्टी का बनवू नये? दोन्ही बाजूंना धार, दोन पत्र्यांमध्ये घट्ट धरलेली, मधोमध मूठ. धार गेली की पट्टी फेकायची आणि नवी घालायची. बायको त्या वेळी ओहायोला माहेरी होती. त्याने तिला पत्र लिहून कळवलं की आपलं नशीब उघडलं. मग हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पितळेचे तुकडे, घड्याळाच्या स्प्रिंगला लागणारी पोलादी पट्टी, कानशी वगैरे घेऊन आला.

नशीब उघडायला पुढे आठ वर्षं लागली. कारण पोलाद. इतक्या पातळ पट्टीला कडक करून धार लावायची, आणि तीही फेकून देण्याइतक्या स्वस्तात, हे शक्य नाही असं जाणकार सांगायचे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटीतल्या तज्ज्ञांचंही तेच मत पडलं. पातळ पोलाद तापवून एकदम थंड केलं की पापडासारखं वेडंवाकडं होतं, ही खरी अडचण होती. जिलेट इंजिनिअर नव्हता, आणि त्याने पुढे कबूल केलं की तो तसा असता तर त्याने हा नाद केव्हाच सोडला असता. बुचं विकत विकत तो सहा वर्षं मित्रांना, ओळखीच्यांना आपलं वेडंवाकडं मॉडेल दाखवत राहिला. लोक हसायचे.

१९०१ मध्ये त्याला विल्यम निकर्सन भेटला. हाही एमआयटीत शिकलेला, पण हाताने यंत्रं बनवणारा. त्याने काही आठवडे विचार करून होकार दिला, आणि पातळ पट्ट्या वाकू न देता कडक करायची व त्यांना यंत्राने धार लावायची पद्धत बसवली. ब्लेडची जाडी सुमारे ०.१५ मिलीमीटर. त्याच सप्टेंबरमध्ये कंपनी स्थापन झाली. सुरुवातीची जागा बॉस्टनच्या धक्क्याजवळ, अटलांटिक अव्हेन्यूवर, मासळीच्या दुकानाच्या वरती. आधी कंपनीचं नाव वेगळं होतं, १९०२ मध्ये जिलेटचं नाव दिलं. निकर्सनचं नाव का नाही, तर इंग्रजीत निक म्हणजे दाढी करताना लागलेली बारीक चीर. रेझरला असं नाव कोण देणार! बिचाऱ्याने ज्या पात्यात जीव ओतला, त्यावर त्याचं नाव आलं नाही ते असं.

इथे जरा माझ्या म्युझियमकडे येतो, कारण निकर्सन आणि जिलेटने काय करून ठेवलं ते रेझर शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळतं. पातळ ब्लेड नुसतं धरलं तर लवतं. वरची टोपी आणि खालची पट्टी यांच्यात दाबून त्याला किंचित बाक दिला की ते ताठ होतं आणि थरथरत नाही. मग दोन गोष्टी महत्त्वाच्या. ब्लेडची धार आणि खालची संरक्षक कड यांत किती फट आहे, आणि धार त्या कडेच्या रेषेबाहेर किती डोकावते. दोन्ही कमी ठेवलं की चीर पडायची भीती कमी, पण त्याच जागेवरून तीन-तीनदा रेझर फिरवावा लागतो आणि शेवटी कातडी लाल होतेच. दोन्ही वाढवलं की एका फेरीत गाल साफ, पण हाताचा कोन जरा चुकला की तुरटी शोधायला लागते. हे सगळं एका मिलीमीटरच्या आतलं राजकारण आहे.

माझ्या फळीवर जपानच्या फेदर कंपनीचा एएस-डी२ आहे. स्टेनलेस स्टीलचा आणि स्वभावाने अगदी सौम्य. रोज दाढी करणाऱ्याला उत्तम, पण चार दिवसांचे खुंट वाढले की दमतो. अमेरिकेत बनणारा ब्लॅकबर्ड सफाईत वरचढ, फक्त सकाळी चहाच्या आधी त्याला हात लावू नये असं मी अनुभवाने शिकलो. रॉकवेल ६एसबरोबर उलट-सुलट बसणाऱ्या तीन पट्ट्या येतात, म्हणजे फटीच्या सहा पायऱ्या. एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी चार, असं करता येतं. आणखी एक गोष्ट कळली. सौम्य आणि अलगद हे एक नव्हे. ब्लेड धारेच्या अगदी जवळ घट्ट धरलेलं असेल तर मोठ्या फटीचा रेझरही लोण्यासारखा फिरतो, आणि सैल धरलेलं असेल तर सौम्य रेझरही खरखरतो. महाग रेझरचे पैसे असतात ते या नेमकेपणाचे. पण कुठल्याही रेझरमध्ये घालायचं ते जिलेटचंच, दोन धारांचं, चार आण्यांत टाकून द्यायचं ब्लेड. १९०४च्या सुमाराचा जुना रेझर मिळाला तर आज दुकानातून आणलेलं ब्लेड त्यातही बसतं. त्या जुन्या रेझरची मूठ किंचित सैल केली की ब्लेडचा बाक कमी होऊन धार जास्त पुढे यायची. म्हणजे सौम्य की सफाईदार, हा प्रश्न त्याने पहिल्याच रेझरमध्ये गिऱ्हाइकाच्या बोटांवर सोडला होता.

पुन्हा गोष्टीकडे. १९०३ साली विक्री सुरू झाली. वर्षभरात विकले गेले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. दुसऱ्या वर्षी रेझरांचा आकडा नव्वद हजारांच्या वर गेला. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळालं. एवढं होत असताना जिलेट कुठे होता? त्याला कंपनीतून पगार मिळत नव्हता, म्हणून बुचांच्या कंपनीच्या नोकरीवर लंडनला गेला होता. परदेशातले हक्क विकायचं घाटतंय हे कळल्यावर धावत परत आला आणि तो व्यवहार मोडून काढला.

मॅनेजमेंट शिकलेल्या आपल्या मुलांना हमखास एक गोष्ट सांगितली जाते. जिलेटने रेझर फुकटात वाटले आणि ब्लेडवर पैसा केला. कॉम्प्युटरच्या प्रिंटरपासून सगळीकडे हा दाखला देतात. प्रत्यक्षात पहिला रेझर, वीस ब्लेडांसह, पाच डॉलरला होता. तेव्हाच्या कामगाराला ती चैनच होती. पेटंट होतं तोवर कंपनीने भाव उतरवला नाही. १९२१ मध्ये पेटंट संपलं आणि नकला बाजारात आल्या, तेव्हा कुठे जुन्या घडणीचा रेझर एक डॉलरला मिळू लागला आणि नवा सुधारलेला महाग ठेवला. म्हणजे जी युक्ती त्याच्या नावावर खपते, ती कंपनीला नाइलाजाने सुचली. स्पर्धा संपवायला निघालेल्या माणसाच्या कंपनीला शहाणपण स्पर्धेने शिकवलं.

प्रत्येक ब्लेडच्या वेष्टनावर त्याचा मिशीवाला फोटो आणि सही छापलेली असायची. त्यामुळे तो जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी ६० लाख ब्लेडं घेतली. विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसायचा तर दाढी नको होती. घरी परतलेल्या त्या पोरांना स्वतःची दाढी स्वतः करायची सवय लागलेली होती, ती पुढच्या पिढ्यांत राहिली.

चेहरा त्याचा होता, पण कंपनी तोवर त्याची राहिली नव्हती. जॉन जॉइस नावाच्या बॉस्टनच्या भांडवलदाराने अडचणीच्या वेळी पैसे घातले होते. दोघांचं पटेना. १९१०च्या सुमाराला जिलेटने आपला बराचसा हिस्सा विकून टाकला. अध्यक्ष हे नाव राहिलं, कारभार गेला. हातात पैसा आला तसा त्याने जुना ध्यास पुन्हा काढला. त्याच साली ॲरिझोनात, ते राज्यही झालं नव्हतं तेव्हा, वर्ल्ड कॉर्पोरेशन नावाची संस्था नोंदवली आणि तिचं अध्यक्षपद चार वर्षांसाठी दहा लाख डॉलर देऊन माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना देऊ केलं. रूझवेल्टनी नाही म्हटलं. तो गप्प बसला नाही. पुढे कॅलिफोर्नियात लेखक अप्टन सिंक्लेअर याच्याशी त्याची मैत्री झाली, आणि सिंक्लेअरच्या मदतीने १९२४ मध्ये ‘द पीपल्स कॉर्पोरेशन’ हे पुस्तक निघालं. सिंक्लेअरने त्याची हेन्री फोर्डशीही भेट घडवून आणली. दोन्ही म्हातारे आपापल्या मतावर ठाम, त्यातून काही निघालं नाही. लाखो ब्लेडं खपवणाऱ्या त्या चेहऱ्याला आपला एक विचार काही खपवता आला नाही.

पैसा मात्र तो हाताने उधळत होता. जमिनी घेत होता, कॅलिफोर्नियात खजुराच्या बागा लावत होता. १९२०च्या दशकाच्या शेवटी कॅलाबासासची ही रँच त्याने घेतली आणि १९२८ मध्ये वॉलेस नेफ या नामांकित वास्तुविशारदाकडून स्पॅनिश वळणाचा वाडा बांधून घेतला. वर्षभरात शेअर बाजार कोसळला. त्याच वेळी हेन्री गाइसमन या प्रतिस्पर्ध्याने नवीनच डाव टाकला. त्याने असं ब्लेड काढलं की ते जिलेटच्या रेझरमध्ये बसायचं, पण जिलेटचं ब्लेड त्याच्या रेझरमध्ये बसायचं नाही. जिलेट कंपनीच्या जुन्या ब्लेडला तीन भोकं होती. १९३० मध्ये तिने मधोमध लांब खाच असलेलं ब्लेड आणलं. यावरून कोर्टकज्जा झाला आणि शेवटी दोन्ही कंपन्या एक झाल्या. हिशेब तपासताना उघड झालं की जिलेट कंपनी काही वर्षं नफा फुगवून दाखवत होती. शेअरचा भाव आणखी गडगडला आणि सूत्रं गाइसमनकडे गेली. आज आपण जे ब्लेड घेतो त्याच्या मधल्या खाचेचा विचित्र आकार बघा, तो त्या भांडणाची खूण आहे.

१९३१ मध्ये जिलेटने अध्यक्षपद सोडलं. त्याची बहुतेक संपत्ती शेअरांत आणि जमिनींत अडकलेली होती आणि दोन्हींची किंमत मातीमोल झाली होती. ९ जुलै १९३२ रोजी, वयाच्या ७७व्या वर्षी, तो वारला. ग्लेनडेलच्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीत त्याला ठेवलं आहे. जगभर वेष्टनांवर त्याचा चेहरा खपत होता आणि तो स्वतः जवळजवळ कफल्लक होऊन गेला.

भिंत फुटल्यानंतरच्या रविवारी मी त्या रँचवर गेलो. निलगिरीच्या जुन्या झाडांच्या दुतर्फा रांगेतून रस्ता आत जातो. तळं आहे, मागे डोंगर, वाडा पांढऱ्या भिंतींचा आणि लाल कौलांचा. जिलेटनंतर ती जागा एमजीएमचा दिग्दर्शक क्लॅरेन्स ब्राउन याच्याकडे होती, मग धार्मिक संस्थांकडे, मग एका विद्यापीठाकडे. २००५ मध्ये सरकारी संस्थांनी मिळून ती ५८८ एकर जागा घेतली आणि पुढे लोकांसाठी खुली केली. जुन्या तबेल्यात आता पर्यटकांसाठी माहिती केंद्र आहे. मी गेलो तेव्हा गवतावर दोन-तीन कुटुंबं डबे उघडून बसली होती. त्यातलं एक देवळातूनच आलेलं, पुळिहोरा खात होतं. ज्याने सगळं सगळ्यांच्या मालकीचं व्हावं म्हणून आयुष्यभर पुस्तकं काढली, त्याची शेवटची जमीन तेवढी तशी झाली. तीही त्याच्या नंतर सत्तरेक वर्षांनी.

तिथे बाकावर बसून मला आणखी एक गोष्ट आठवली. २००२च्या सुमाराला याच कंपनीने भारतासाठी एक खास रेझर काढला होता. आपले लोक रोज दाढी करत नाहीत, खुंट वाढलेले असतात, म्हणून पात्यांत केस अडकू नयेत अशी सोय त्यात केली. चाचणी घेतली ती एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांना रेझर आवडला. भारतात मात्र तो चालला नाही, कारण विद्यार्थी नळाच्या वाहत्या पाण्यात रेझर धुवायचे, आणि आपल्याकडे असंख्य माणसं कपभर पाण्यात दाढी करतात. कपात बुडवून केस निघेनात. मग कंपनीची माणसं भारतात येऊन घराघरांत दाढी करणाऱ्यांशेजारी बसली, आणि २०१० मध्ये एकाच पात्याचा पंधरा रुपयांचा साधा रेझर आला. माझे वडील असेच ओसरीवर पाटावर बसायचे. खिडकीच्या गजाला छोटा आरसा, शेजारी कपभर कढत पाणी, फेस पुसायला कालच्या वर्तमानपत्राचा तुकडा. एमआयटीत हे दिसणार कसं?

आणि आपल्या गावातलं कुठलंही सलून घ्या. न्हावी दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धं तुकडा वस्तऱ्याच्या दांड्यात अडकवतो. एका ब्लेडमध्ये दोन गिऱ्हाइकं. एड्सची भीती पसरल्यापासून नवं ब्लेड डोळ्यांसमोर मोडून दाखवायची पद्धतच पडली. जिलेटला घालवायचा होता वस्तरा. आपल्या लोकांनी त्याचं ब्लेड घेऊन पुन्हा वस्तराच केला, पण धार लावायची कटकट आणि रोगाची भीती मात्र गेली. हे बघून त्याला राग आला नसता असं मला वाटतं.

वडील गेल्यावर त्यांचा रेझर मी इकडे आणला. तीन तुकड्यांचा, पितळेवरचा मुलामा उडालेला, साठेक वर्षांचा. फळीवरचे सगळे रेझर एका आठवड्यात एकच ब्लेड घालून पारखले तेव्हा तो तिसरा आला. अलगदपणात फेदरच्या मागे, सफाईत ब्लॅकबर्डच्या मागे. किमतीत मात्र त्यांच्या जवळपासही नाही. तेव्हापासून रोज तोच वापरतो. नव्या बाथरूमच्या कपाटाला फट नाही. वापरलेली ब्लेडं मी एका पत्र्याच्या डब्यात टाकतो. भरला की धातूच्या भंगारात देणार आहे. ती संपत नाहीत, फक्त नजरेआड होतात, हे भिंतीने दाखवलंच आहे.

पुढच्या वेळी मालिबूच्या देवळात याल तेव्हा दर्शन झाल्यावर लगेच घराकडे वळू नका. चौकात डावीकडे, पाच मिनिटं. झाडांची सावली चांगली आहे आणि डबा खायला जागाही भरपूर.